फुलदाणीतली फुलं जास्त दिवस कशी टिकवायची? (बोअरचं पाणी, उन्हाळा, गौरी-गणपती वगैरे)

कृष्णाकाठ

पॉलीहाऊसचा जरबेरा आणि डच गुलाब आता सांगली-मिरजेत, साताऱ्यात कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडंही मिळतो. निशिगंध आणि शेवंती तर आपल्याच शिवारातली. तरी घरी आणलेला गुच्छ तिसऱ्या दिवशी माना टाकतो आणि खापर फुलवाल्यावर फुटतं. कधीकधी ते खरंही असतं. पण ताजी फुलं नीट ठेवली तर जरबेरा आठ-दहा दिवस, शेवंती आणि कार्नेशन दोन आठवड्यांपर्यंत टिकायला हवीत. कुठं आणि का चुकतं हे प्रमाणासकट एका जागी असावं म्हणून हा धागा. पायापासून सुरुवात मी करतो.

देठात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पानांतून, पाकळ्यांतून पाणी उडत राहतं आणि त्या ओढीनं नळ्यांतलं पाणी ताणलेलं असतं. देठ कापला की ताण सुटतो, पाणी आत सरकतं आणि मागोमाग हवा शिरते. हा पहिला अडथळा. मग कापलेल्या टोकातून झिरपणाऱ्या रसावर जिवाणू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर नळ्यांची तोंडं बंद करतो. घरात सगळ्यात जास्त नडतो तो हाच. शिवाय झाड स्वतःची जखम भरायला जातं आणि चीक, डिंकासारखे पदार्थ टोकाशी आणून नळ्या बुजवतं. फूल पाण्यात उभं असतं आणि तहानेनं वाळतं.

त्यामुळं कामाचा क्रम असा ठेवावा. फुलदाणी आधी साबणानं घासायची. गळा अरुंद असेल तर मूठभर तांदूळ, भांड्याचा साबण आणि कोमट पाणी घालून जोरात हलवायची. नंतर अर्धा लिटर पाण्यात एक चमचा लिक्विड ब्लीच घालून दहा मिनिटं भरून ठेवायची आणि धुऊन टाकायची. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढायची, एकही ठेवायचं नाही, कारण सगळ्यात आधी तेच कुजतं. देठाचं टोक बादलीत पाण्याखाली धरून २-३ सेंमी कापायचं, म्हणजे हवेऐवजी पाणी आत ओढलं जातं. कापायला नवं ब्लेड किंवा कटर हवा. बोथट कात्रीनं देठ चेचतो आणि नळ्या तिथंच मिटतात.

काप तिरका घ्यायचा. तिरक्या कापानं जास्त नळ्या उघडतात असं सांगतात, पण नळ्या तेवढ्याच राहतात. फायदा इतकाच की देठ फुलदाणीच्या तळाला सपाट चिकटत नाही.

पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट, ४० अंशांच्या आसपास. कोमट पाणी नळ्यांतून सहज चढतं आणि त्यात विरघळलेली हवाही कमी असते. फुलं त्यात तास-दोन तास सावलीत, गार जागी उभी ठेवायची आणि मगच मांडणीला घ्यायची.

आता पाण्यात काय घालायचं ते जाणकारांनी लिहावं.

हळदपेव

चांगला धागा. पण पाणी कुठलं? आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९००च्या पुढं. आरओचं पाणी वापरलं तर चालेल का? सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय, ते पाणी कसं?

अजिंक्यतारा

हळदपेव, सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको. सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. गुलाब आणि कार्नेशनला ते साध्या जड पाण्यापेक्षाही जास्त बाधतं. सॉफ्टनरच्या आधीचा नळ असेल तर तिथून घ्या.

फुलाच्या दृष्टीनं टीडीएसच्या आकड्यापेक्षा पाण्याची अल्कता महत्त्वाची, म्हणजे त्यात बायकार्बोनेट किती आहे ते. बायकार्बोनेटमुळं पाण्याचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) ७.५-८ वर अडून राहतो. फुलाला ३.५ ते ५ च्या दरम्यानचं आंबट पाणी मानवतं. ते देठातून जास्त वेगानं चढतं आणि जिवाणूही त्यात मंदावतात. म्हणून पहिला घटक लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड.

हलक्या पाण्याला लिटरला ०.३ ग्रॅम पुरतं. साताऱ्यात ज्यांच्या नळाला कास तलावाचं पाणी येतं त्यांना एवढंच बस्स, कारण ते पावसाचं साठलेलं पाणी आहे. नदीच्या पाण्याला अर्धा ग्रॅम. बोअरच्या जड पाण्याला १ ग्रॅमपर्यंत लागतं. बोअरच्या पाण्यात चिमूटभर टाकून काहीच फरक पडला नाही असं लोक म्हणतात, ते याचमुळं. ती चिमूट बायकार्बोनेट खाऊन टाकतं आणि पीएच जागचा हलत नाही.

इतकं बारीक वजन घरात करता येत नाही. म्हणून एक सपाट चहाचा चमचा, साधारण ५ ग्रॅम, लिंबूफूल १०० मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. या द्रावणाचे दोन चमचे, म्हणजे १० मिली, लिटरला घातले की अर्धा ग्रॅम झालं. चार चमचे म्हणजे एक ग्रॅम. द्राक्ष बागायतदार फवारणीच्या पाण्याचा पीएच बघायला जी पट्टी वापरतात तीच इथं चालते. पट्टी ४ ते ४.५ दाखवेपर्यंत घालत जा आणि आपल्या पाण्याचं प्रमाण एकदाच ठरवून बाटलीवर लिहून ठेवा.

आरओचं पाणी चालतं, गुलाबाला आणि ग्लॅडिओलसला तर चांगलंच. त्यात अडवणारं बायकार्बोनेट नसल्यामुळं लिंबूफूल फारच थोडं लागतं. फक्त शेवंतीला निव्वळ आरओ देऊ नका. तिला थोडे क्षार असलेलं पाणी जास्त मानवतं, अर्धं आरओ आणि अर्धं नळाचं असं मिसळा.

गुलछडी

कृती देते. एक लिटर कोमट पाण्याला:

साखर २ सपाट चमचे (साधारण १० ग्रॅम)
लिंबूफूल वर अजिंक्यतारा यांनी सांगितल्याप्रमाणे
लिक्विड ब्लीच १ चमचा

आधी लिंबूफूल, मग साखर, दोन्ही पूर्ण विरघळल्यावर शेवटी ब्लीच. लिंबूफुलाच्या दाट द्रावणात ब्लीच कधीही ओतायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीला घातक असतो. लिटरभर पाण्यात पातळ झाल्यावरच दोन्ही एकत्र यायला हवेत. खिडकी उघडी ठेवा.

साखर लागते कारण कापलेल्या फुलाला अन्न तयार करायला पुरेशी पानं नसतात. कळी उमलायला जी ताकद लागते ती या साखरेतून मिळते. पण ब्लीचशिवाय नुसती साखर घातली तर ती फुलाआधी जिवाणू खातात. साखरेचं पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ होतं ते त्यामुळं, आणि त्यापेक्षा साधं पाणी बरं.

मिरजमळा

गुलछडीताई, कृती बरोबर आहे पण ब्लीचचा चमचा जास्त होतोय. घरगुती लिक्विड ब्लीचमध्ये साधारण ४-५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. एक पूर्ण चमचा म्हणजे ५ मिली, म्हणजे २०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर क्लोरीन. गुलाब एक वेळ सोसेल. जरबेऱ्याचा देठ मऊ असतो, पाण्यात बुडालेला भाग पांढरट पडतो, त्यावर तपकिरी ठिपके येतात आणि तिथंच तो खचतो. मग लोक समजतात सडला. ५० पीपीएम पुरतात, म्हणजे लिटरला १ मिली, पाव चमच्याहून किंचित कमी.

क्लोरीन उडून जातं. साखर, देठाचा रस, ऊन यांनी आणखी लवकर संपतं. त्यामुळं एकदम जास्त घालण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलून परत पाव चमचा, हा मार्ग चांगला.

गावाकडं लिक्विड ब्लीच मिळालं नाही तर ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. दहा लिटरला दीड ग्रॅम धरा. आधी तांब्याभर पाण्यात कालवायची, अर्धा तास निवू द्यायची, वरचं नितळ पाणी घ्यायचं आणि खालचा चुन्याचा गाळ टाकून द्यायचा. तो गाळ फुलदाणीत गेला तर पाण्याचा आंबटपणा मारतो. पोत्यात उघडी पडलेली जुनी पावडर बिनकामाची असते. वास येत नसेल तर क्लोरीन उडालंय. आणि कोरी टीसीएल आणि कोरं लिंबूफूल एका डब्यात, एका चमच्यानं कधीच नाही.

गुलछडी

मिरजमळा, बरोबर आहे. एक चमचा हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं पण तुमचं गणित पटलं. सगळ्यांनी माझ्या कृतीत १ चमच्याच्या जागी पाव चमचा वाचा.

हळदपेव

जरबेऱ्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बाकी गुच्छ ठीक असतो आणि जरबेऱ्याची मान मध्येच मोडल्यासारखी वाकते. पाकळ्या तर ताज्याच असतात. हे कशानं?

मिरजमळा

सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त वाया जाणारं फूल हेच.

जरबेऱ्याचा देठ आतून पोकळ, बाहेरून लव असलेला आणि बिनपानाचा. लव जिवाणूंना धरून ठेवते. फुलाच्या खाली साधारण १० सेंमीचा भाग कोवळा असतो. तो काडीसारखा ताठ नसतो, आतल्या पाण्याच्या दाबावर उभा असतो. पाणी कमी पडलं की पहिल्यांदा तोच भाग खचतो. पाकळ्या त्या वेळी ताज्याच दिसतात, म्हणून फसगत होते.

पहिलं कारण तोडणीतलं. जरबेरा कापत नाहीत, देठ धरून हलका पिळून बुडातून ओढून काढतात, त्यामुळं खाली २-३ सेंमीची लालसर, निबर टाच येते. त्या टाचेतून पाणी नीट चढत नाही. ती कापून टाकायचीच. फुलवाल्यानं कापली असेल असं धरून चालू नका, बघून घ्या.

दुसरं, फूल कच्चं तोडलेलं असतं. घेताना फुलाचा मधला भाग बघा. बाहेरच्या दोन ओळींत पराग दिसत असेल तर फूल तयार. मधला भाग नुसता घट्ट, गुळगुळीत असेल तर देठ अजून कोवळा आहे, कितीही काळजी घेतली तरी वाकणार. दर थोडा कमी करून मिळाली तरी अशी फुलं घेऊ नका.

तिसरं, पाण्याची खोली. जरबेऱ्याला ५ ते ७ सेंमी पाणी बास. गळ्यापर्यंत भरलं तर लवेवर जिवाणू माजतात आणि देठ बाहेरून आत सडत येतो. पाणी कमी असल्यामुळं रोज बघायचं, खाली गेलं की तेच द्रावण घालायचं. साखर निम्मी, लिटरला एक चमचा. क्लोरीन मात्र चुकवायचं नाही.

वाकलेला जरबेरा चोवीस तासांच्या आत उभा करता येतो. जाड पुठ्ठ्याला बोटाएवढी भोकं पाडा, देठ वरून भोकांत सोडा म्हणजे फूल पुठ्ठ्यावर टेकेल आणि देठ सरळ खाली लोंबेल. पुठ्ठा बादलीवर ठेवा, देठाची ताजी कापलेली टोकं ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात बुडू द्या. तीन-चार तास गार जागी. पाण्यानं भरला की देठ ताठ होतो. देठावर आडवी घडी पडली असेल, म्हणजे पेशी चेपल्या असतील, तर तो उठत नाही. तो घडीच्या वर कापून वाटीत तरंगवा.

यवतेश्वर

गुलाबाचीही मान वाकते पण उपाय वेगळा. गुलाबात बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. देठ पाण्याखाली ३ सेंमी कापा, फूल आणि देठ वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, मान सरळ राहील असं. मग ४० अंशांच्या पाण्यात मानेच्या खालपर्यंत खोल उभा करा. तास-दोन तास. खोल पाण्याच्या दाबानं बुडबुडा बारीक होऊन विरघळतो. तरीही उठला नाही तर अख्खा गुलाब, फुलासकट, पसरट घमेल्यात पाण्यात आडवा बुडवून ४५ मिनिटं ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर उपयोग नाही.

घेताना कळीच्या बुडाशी हलकं दाबून बघा. टणक हवी, भुसभुशीत नको. आणि अगदी मिटलेली, हिरवी निदलं (कळीवरची पानासारखी आवरणं) अजून पाकळ्यांना चिकटलेली कळी घेऊ नका. ती मान टाकते आणि उमलतही नाही. निदलं मागं वळलेली आणि बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटायला लागलेली ती योग्य.

काटे पाण्याखाली येणारेच काढा. फुलवाले लोखंडी चिमट्यानं देठ वरून खाली ओरबाडतात, त्यात साल सोलली जाते आणि प्रत्येक ओरखडा जिवाणूंना दार होतो. बाहेरच्या जाड, हिरवट-तपकिरी डागाच्या पाकळ्या खराब नसतात. त्या वाहतुकीत आतल्या फुलाला जपतात. फुलदाणीत ठेवताना दोन-तीन काढल्या तरी चालतं. पावसाळ्यात मात्र त्या काढाच. साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यांच्यावरच करडी बुरशी धरते, आधी पिनेच्या टोकाएवढे ठिपके आणि मग पाकळी पाणथळ होते. त्या दिवसांत गुलाबावर पाणी शिंपडू नका.

सांजवेळ

निशिगंधाचं काय? खालची चार फुलं उमलतात आणि वरच्या कळ्या तशाच पिवळ्या पडून गळतात.

गुलछडी

दांडी निवडण्यापासून बघू. फुलदाणीला दुहेरी पाकळ्यांचा जास्त शोभतो, सुवासिनी, वैभव हे वाण त्यातले. प्रज्वल, फुले रजनी हे एकेरी. ते मुख्यतः सुट्या फुलांना, हारांना जातात, पण प्रज्वलची दांडीही फुलदाणीत चांगली राहते. दोन्हीत नियम एकच, खालची दोन-तीन फुलं उमललेली दांडी घ्या. सगळ्या कळ्या मिटलेली दांडी स्वस्त मिळते पण वरपर्यंत उमलत नाही.

वरच्या कळ्या उमलायला भरपूर साखर लागते. म्हणून निशिगंधाला लिटरला २० ग्रॅम, म्हणजे चार सपाट चमचे. साखर दुप्पट झाली की क्लोरीन लवकर संपतं, तेव्हा पाणी एक दिवसाआड बदला आणि प्रत्येक वेळी टोक १-२ सेंमी कापा. सुकलेलं खालचं फूल रोज खुडा. शेंड्याच्या अगदी बारीक पाच-सहा कळ्या पहिल्याच दिवशी चिमटून टाका, त्या तशाही उमलणार नसतात आणि खालच्यांच्या वाट्याचं खातात. निशिगंध फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवून मग काढला तर कळ्या उमलायचं विसरतात, तेव्हा समारंभाच्या आदल्या संध्याकाळीच आणा.

ग्लॅडिओलस जवळपास असाच, पण दोन गोष्टी वेगळ्या. दांडी आडवी ठेवली की शेंडा वर वळतो आणि तसाच वाकडा राहतो, त्यामुळं दुकानातून घरापर्यंत उभीच आणा. आणि पाण्यातलं फ्लोराइड याला लिटरला १ मिग्रॅ असलं तरी बाधतं, पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या होतात. बोअरच्या पाण्याचा भरवसा नसेल तर आरओ किंवा पावसाचं पाणी.

यवतेश्वर

शेवंती: पाकळ्यांआधी पानं पिवळी पडतात, म्हणून वरची दोन-चार ठेवून बाकी काढून टाका. बुडाचा लाकडासारखा झालेला भाग पूर्ण कापा, त्यातून पाणी चढत नाही.

ॲस्टर आणि झेंडू: पाणी फार लवकर घाण करतात. रोज बदला. दुसऱ्या फुलांबरोबर एका फुलदाणीत नको.

कार्नेशन: देठावर गाठी असतात, काप दोन गाठींच्या मध्ये घ्या. गाठीवर कापलं तर पाणी कमी चढतं.

अजिंक्यतारा

कार्नेशनचं नाव आलं म्हणून एक मोठा मुद्दा, जो आपल्या घरांत गौरी-गणपतीत हमखास घडतो.

मखराभोवती फुलदाण्या. पुढ्यात पाच फळं, त्यात केळी आणि सफरचंद. शेजारी उदबत्ती, धूप. वरून दिव्यांची माळ. दीड दिवसात कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात, ऑर्किडची फुलं पारदर्शक होतात, निशिगंधाच्या कळ्या गळतात. पाण्याची सगळी काळजी घेऊनही. यामागं इथिलीन हा वायू आहे. पिकणारी फळं तो सोडतात. धुरातही तो असतो. उदबत्तीचा, चुलीचा, उसाचं पाचट पेटवल्याचा, सगळ्याच धुरात. तो रंगहीन असतो आणि इतक्या थोड्या प्रमाणात काम करतो की कळतही नाही. ज्या वायूनं आढीतला आंबा पिकतो त्याच वायूनं फूल म्हातारं होतं.

हे जुनं ज्ञान आहे. १९०१ मध्ये रशियात नेल्युबोव्ह यांनी दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळं वाटाण्याची रोपं वाकडी वाढतात हे दाखवलं. १९०८ मध्ये अमेरिकेत क्रॉकर आणि नाइट यांनी कार्नेशन मिटण्याचं कारणही तेच असल्याचं सिद्ध केलं.

घरात करायचं काय? इथिलीनला घाबरणारी फुलं म्हणजे कार्नेशन, ऑर्किड, थोड्या प्रमाणात निशिगंध आणि लिली. गुलाब वाणावर अवलंबून. जरबेरा आणि शेवंतीला फुलाच्या बाबतीत फारसं काही होत नाही. तेव्हा फळांच्या आणि धुपाच्या जवळ जरबेरा, शेवंती मांडा, आणि कार्नेशन-ऑर्किड दारात किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गळलेली, सुकलेली फुलं रोज काढा, तीही इथिलीन सोडतात.

एरवी जेवणाच्या टेबलावर केळी, आंबा, चिकू, पेरू, सफरचंद यांच्याशेजारी फुलदाणी नको. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी चालतात, ती इथिलीन अगदीच कमी सोडतात. म्हणजे तासगावची द्राक्षं टेबलावर ठेवा, आंबे आत न्या.

हळदपेव

व्यापारी कार्नेशनला काहीतरी औषध देतात असं ऐकलं, ते घरी मिळतं का?

अजिंक्यतारा

सिल्व्हर थायोसल्फेट. तोडणीनंतर काही तास देतात, देठातून वर गेलेली चांदी फुलाला इथिलीन जाणवू देत नाही. जड धातू आहे, वापरलेलं द्रावण गटारात ओतायचं नसतं. घरी करू नका. फुलवाल्याला एवढंच विचारा की माल प्रक्रिया केलेला आहे का. तसं कार्नेशन फळांजवळही बऱ्यापैकी टिकतं.

सांजवेळ

ॲस्पिरिन, तांब्याचं नाणं, मीठ, व्हिनेगर, लिंबू सोडा... यातलं खरं काय?

मिरजमळा

ॲस्पिरिन: थोडं आंबट आहे इतकंच. जिवाणू मारत नाही, अन्न देत नाही. लिंबूफूल स्वस्त आणि चांगलं.

नाणं: तांब्याचा अंश जिवाणूंना मारतो, पण नाण्यातून पाण्यात पुरेसं तांबं उतरत नाही.

मीठ: नको. देठाला पाणी ओढणं उलट कठीण होतं.

व्हिनेगर: आंबटपणा मिळतो, वास येतो. लिंबूफूल नसेल तर चालवून घ्या.

लिंबाच्या चवीचा सोडा: हा मात्र खरंच उपयोगी. त्यात साखर आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही असतं. एक भाग सोडा, दोन भाग पाणी आणि लिटरला पाव चमचा ब्लीच. डाएट सोडा चालत नाही, त्यात साखरच नसते. काळा कोला नको.

गुलाबाचे, शेवंतीचे निबर देठ हातोडीनं ठेचायचे हा सल्ला पूर्ण चुकीचा. ठेचलेला गर पाण्यात सुटतो आणि जिवाणूंना मेजवानी.

गुलछडी

फुलांच्या अन्नाची तयार पाकिटं मिळतात, क्रिसल, फ्लोरालाइफ वगैरे. चांगली असतात. पण पाकिटावर अर्धा लिटर लिहिलंय तर अर्धाच लिटर मोजून घ्या. एक पाकीट पुरवून वापरायला दोन लिटरमध्ये टाकतात, तेव्हा साखर जिवाणूंना पुरते आणि जंतुनाशक पुरत नाही. साध्या पाण्यापेक्षा वाईट.

भांड्याबद्दल: हे आंबट द्रावण पितळी, तांब्याच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात घालू नका. धातू झिजतो, हिरवं येतं आणि औषधाचा असरही जातो. पितळी कलशच हवा असेल तर आत काचेचा ग्लास किंवा कापलेली बाटली ठेवा आणि पाणी त्यात.

कृष्णाकाठ

उन्हाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. त्या दिवसांत फुलाचा खरा शत्रू छताचा पंखा. पानं-पाकळ्यांतून पाणी उडण्याचा वेग देठाच्या ताकदीपुढं जातो. फुलदाणी पंख्याच्या थेट खाली, टीव्हीवर, फ्रिजवर, पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. रात्री मोरीत किंवा घरातल्या सगळ्यात गार फरशीवर न्या. रात्रीचे आठ-नऊ तास गारव्यात मिळाले तरी दीड-दोन दिवस वाढतात. सोबत पाण्यात भिजवलेलं गोणपाट भोवती उभं केलं तर आणखी बरं, गोणपाट फुलांना टेकू देऊ नका.

घरातल्या फ्रिजची घाई नको. भाजी-फळांचं इथिलीन त्याच बंद जागेत असतं आणि बर्फ न धरणारे फ्रिज हवा कोरडी करतात. ठेवायचंच असेल तर फळं काढून, गुलाबाच्या फुलांवर सैल प्लॅस्टिकची पिशवी घालून, देठ पाण्यात. गजऱ्याचा मोगरा वेगळा. तो ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात, डबा फ्रिजमध्ये.

सांजवेळ

बागेतली फुलं कधी तोडावीत? आणि कासला जाताना रस्त्याकडेला तेरडा, रानफुलं असतात ती फुलदाणीत राहतात का?

यवतेश्वर

बागेतली पहाटे, दव असताना, किंवा ऊन उतरल्यावर. बादली बरोबर न्या, कापलं की लगेच पाण्यात. दुपारी तोडलेलं फूल आधीच तहानलेलं असतं.

कासची फुलं तोडू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे आणि तिथल्या पुष्कळ वनस्पती वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात जगून बी टाकून मरणाऱ्या आहेत. फूल गेलं की बी गेलं. तेरड्याचा देठ नुसता पाण्यानं भरलेला असतो, तो तासाभरात लोळतो, फुलदाणीला त्याचा काहीच उपयोग नाही.

चाफा, पॉइन्सेटिया यांचा चीक टोकाशी गोठतो. कापल्यावर टोक १० सेकंद मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा किंवा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, फुलाला वाफ लागू न देता. मग पाण्यात. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांत दिसतं ते हायड्रेंजिया कोमेजलं तर अख्खा गुच्छ गार पाण्यात अर्धा तास बुडवा, ते पाकळ्यांतूनही पाणी पितं. त्याचं ताजं कापलेलं टोक तुरटीच्या पुडीत बुडवून मग फुलदाणीत ठेवायचं.

मिरजमळा

ओॲसिसवर, म्हणजे हिरव्या स्पंजावर, मांडणी करणाऱ्यांसाठी. स्पंज पाण्यावर अलगद सोडा, तो स्वतः एक-दोन मिनिटांत बुडतो. हातानं दाबला तर आत कोरडा गोळा राहतो आणि त्यात खोचलेलं फूल संध्याकाळी सुकतं. देठ ३-४ सेंमी आत घाला आणि थोडाही मागं ओढू नका, टोकाखाली पोकळी राहते. ओढावा लागला तर काढून नव्या जागी खोचा. वरून रोज तेच द्रावण घाला. एकदा वाळलेला स्पंज परत नीट भिजत नाही. आणि विसर्जनाच्या वेळी तो कृष्णेत सोडू नका, तो प्लॅस्टिकच आहे, कुजत नाही.

हळदपेव

शेवटचं. लिली आणि अँथुरियम?

गुलछडी

लिलीची कळी उमलताच आतले पराग-कोश कागदी रुमालानं चिमटून काढा, पिकून तपकिरी व्हायच्या आधी. पराग साडीवर पडला तर ओल्या हातानं पुसू नका, डाग कायमचा बसतो. चिकटपट्टीनं टिपून घ्या. खालची कळी रंगलेली दांडी घ्यायची.

अँथुरियम आणि ऑर्किड फ्रिजमध्ये अजिबात नको. उष्ण प्रदेशातली फुलं, अँथुरियम १२-१३ अंशांच्या खाली निळसर-काळं पडतं. साध्या खोलीत, पंख्यापासून दूर, आठवड्यातून एकदा टोक कापलं तरी दोन आठवडे राहतं. पानावर धूळ बसते, ओल्या कापडानं पुसा.